चालू दुकान देणे आहे

‘चालू दुकान मालासह देणे आहे’ अशी छोटी जाहिरात दिसली की आपल्याकडचा जाणता माणूस मिशीतल्या मिशीत हसतो. ‘चालतंय तर विकतोय कशाला?’ हा त्याचा बिनतोड समजला जाणारा सवाल. नवशिक्यानं दुसऱ्याचा धंदा घेऊ नये, आपला नव्यानं काढावा, हा सल्ला त्यातूनच निघतो. मला तो घातक वाटतो.

आधी सवालाचंच पाहू. दुकानं नुसत्या तोट्यापायी विकली जात नाहीत. पुण्याच्या पेठेत पिठाची गिरणी चालवणाऱ्याचे साठीनंतर गुडघे जातात, मुलगा हिंजवडीत नोकरीला असतो, मुलगी बंगळुरूला. गिऱ्हाईक तेच, दळण तेच. बसायला माणूस नाही. आणि समजा धंद्यातच खोट असली, तरी चालू धंद्यातली खोट शोधता येते. नव्या दुकानाची खोट वर्षभराचं भाडं आणि फर्निचरचा खर्च बुडाल्यावर कळते.

दुसरा आक्षेप अभिमानाचा: स्वतः उभं केलं तेच खरं. सरकारही याच पंथाचं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान मुळात नव्या उद्योगासाठी आहे, दुसऱ्याचा चालू उद्योग विकत घेणाऱ्यासाठी नाही. म्हणजे गल्लीत चौथी गिरणी काढलीत तर हातभार, बंद पडू घातलेली पहिली सांभाळलीत तर तुमचं तुम्ही बघा! नवशिक्याला जागा, माल, उधारी, कामगार सगळं एकदमच शिकायचं असतं. त्यात गिऱ्हाईक तरी आधीपासून दारात असावं, एवढीच माझी मागणी आहे.

पण चालू धंदा घ्यावा म्हणजे मालकाच्या तोंडी हिशेबावर घ्यावा असं नव्हे. रोजचा गल्ला किती, हे विचारूच नका. कोणीही फुगवून सांगेल. गिरणीची दोन वर्षांची वीजबिलं मागा. किती दळलं जातं ते युनिटच सांगतात. बिल थकलेलं असेल तर तेही तिथंच दिसेल, आणि ते नव्या माणसाच्या गळ्यात पडू शकतं. किराणा दुकान असेल तर उधारीची वही चाळा आणि फळीवर मागे ढकललेल्या पुड्यांच्या तारखा बघा. खाण्याच्या वस्तूंचा परवाना दुकानाबरोबर विकत मिळत नाही, तो आपल्या नावानं काढावा लागतो. जीएसटीची नोंदणी असेल तर जास्तच सावध. कायद्याच्या 85व्या कलमानुसार हस्तांतरापर्यंतच्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात, मग ती थकबाकी नंतर का उघडकीला येईना.

जागा भाड्याची असली तर घरमालकाला टाळून सौदा करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 पागडीला मान्यता देतो, पण मालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूनं आपला हक्क परस्पर दुसऱ्याला देणं त्याला मंजूर नाही.

यंत्र आणि माल यांची किंमत बाजारात कळते. वरची रक्कम आपण मोजतो ती गिऱ्हाइकासाठी, आणि तेच जुन्या मालकाच्या मागे निघून जाण्याची भीती असते. 1872च्या करार कायद्यात यावर तोड आहे. धंदा करायला बंदी घालणारा करार 27व्या कलमानं एरवी रद्दबातल ठरतो. पण नावलौकिकासह धंदा विकणाऱ्यानं ठरावीक, वाजवी परिसरात तोच धंदा पुन्हा काढू नये, ही अट मात्र चालते. ती कागदावर घ्या. अनेकजण संकोचापोटी घेत नाहीत आणि चार महिन्यांनी समोरच्या फुटपाथवर जुन्या मालकाच्या भाच्याची पाटी लागते. म्हणून जुन्या मालकानं भाच्या-पुतण्यांच्या नावाआडूनही तिथं तोच धंदा करू नये, हे अटीत स्पष्ट लिहून घ्यावं. भाच्या-पुतण्यांच्या स्वतःच्या सह्या मात्र कामाच्या नाहीत, कारण ही सवलत धंदा विकणाऱ्यापुरतीच आहे.

आणि पुरी रक्कम एकदम मोजू नये. जुना मालक दोन महिने शेजारी बसला, दगडाला टाकी कधी लावायची, कोणाला पीठ जाड लागतं, दिवाळीच्या तोंडावर भाजणीची गर्दी कशी आवरायची हे त्यानं दाखवलं, की मग शेवटचा हप्ता द्यावा.