भिंत पुन्हा सारवायची

वाईकरांना भित्तिचित्रांचं अप्रूप सांगायला नको. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात आपण पाहुण्यांना हौसेनं नेतो आणि उडालेला रंग, सुटलेले पोपडे बघून दरवेळी हळहळतो. आहे ते पुसू द्यायचं नाही, हे आपलं जपणं.

डहाणूकडच्या वारली पाड्यांवर रीत उलटी. लग्न निघालं की भिंत सारवून गेरूनं लाल करायची, बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करायचं आणि तांदळाच्या पिठात बुडवून सवाशिणींनी देवचौक काढायचा. चौकात पालघट देवी बसते. लग्न पार पडलं की चित्राचं कामही झालं. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा कोरी. चित्र राहत नाही, हात तयार राहतो.

हा हात सत्तरच्या दशकात कागदावर आला. चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन पाड्यांवर गेले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी बायकांचं मानलेलं हे काम लग्नाची वाट न पाहता रोजचं करून टाकलं. मासे धरायचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, जे दिसेल ते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. गंजाड थांबलं नाही. तुषार आणि मयूर वायेडा हे चित्रकार भाऊ तिथलेच. राजेश वांगडही तिथलेच. छायाचित्रकार गौरी गिल यांनी त्या परिसराचे कृष्णधवल फोटो काढले. त्यात कॅमेऱ्याला मोकळा माळ दिसला, तिथं वांगडांनी शाईनं जंगल, देव आणि माणसांची दाटी भरली. परंपरा जिवंत आहे म्हणजे काय, हे मला तरी त्या फोटोंवर कळतं. चहाच्या मगावर नाही.

कारण मगावर, कुर्त्यावर, शाळेच्या कंपाउंडवर वारल्यांचा तारपा नाच चाललाय, पण काढला कुणी ते विचारायची पद्धत नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडचे छपाईवाले मात्र अजून नेटवरूनच नक्षी उचलतात. या अंकाचे संपादकही त्यांत आले.

म्हणून यंदा अंकाच्या पानांना फुकटातली वारली किनार नाही. ‘सजावट फिकी वाटते’ अशी जाहिरातदारांची तक्रार आलीच आहे. पुढच्या वर्षी किनार असेल, पण पाड्यावरच्या चित्रकाराकडून मागवलेली, खाली त्याच्या किंवा तिच्या नावासकट. मानधनाची तरतूद आत्ताच केली आहे, तेवढ्यासाठी अंकाची किंमत थोडी वाढली तर वाचकांनी कुरकुरू नये.