शब्दावरचा व्यवहार

अँटवर्पच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळ होव्हेनीर्सस्ट्राट नावाची आखूडशी गल्ली आहे. हिऱ्यांच्या जागतिक व्यापाराचा मोठा भाग ती आणि लगतच्या दोन-तीन गल्ल्यांतून होत आला. १९६० नंतर पालनपूरचे जैन व्यापारी तेथे स्थिरावू लागले, तेव्हा हा व्यवसाय प्रामुख्याने ज्यू कुटुंबांच्या हाती होता. नवागतांनी मोठ्या खड्यांचा मोह टाळून बारीक, अल्प नफ्याचा माल उचलला व पैलू पाडण्यासाठी तो सुरतेस धाडला. युरोपातील मजुरीत न परवडणारे काम तेथे परवडू लागले.

सौदा ठरला की जैन व्यापारीही ‘माझल’ हा हिब्रू शब्द उच्चारून हात मिळवितो. त्यानंतर शब्द फिरत नाही. पुडी उधारीवर दुसऱ्याच्या हाती जाते, पैसे महिन्यांनी येतात. बँकेच्या परिभाषेत हे विनातारण कर्जच. पण येथे सत्य व अचौर्य ही अणुव्रते हिशेबाचीही गरज ठरली.

२०१४ मध्ये या व्यवसायाला कर्ज पुरविणाऱ्या अँटवर्प डायमंड बँकेचे कामकाज आवरते घेण्याचा निर्णय झाला. मोठ्या पेढ्यांना अन्य दारे होती. ज्याचे भांडवल त्याचा शब्द एवढेच, तो लहान व्यापारी अडचणीत आला. पुढे प्रयोगशाळेतील हिऱ्यांनी भावही पाडले. विलराइकच्या संगमरवरी मंदिरात पूजेनंतर ज्येष्ठ मंडळी बाजारभावाविषयी बोलतात. पुष्कळांची मुले अन्य व्यवसायांकडे वळली आहेत. पित्याच्या मेजावरील भिंग कोणी मागत नाही.