छाप कलावंताची, छप्पर कोणाचे?

कलावंतांनी स्वतः चालविलेल्या संस्थेचा निर्वाह कसा व्हावा, असा प्रश्न निघाला की सरकारी अनुदान आणि धनिकाची देणगी हे दोनच मार्ग सुचविले जातात. पहिल्यात कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. दुसऱ्यात दात्याची मर्जी सांभाळावी लागते. तिसरा मार्ग आहे तो आपल्या श्रमाची निर्मिती विकून संस्था चालविण्याचा. त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा अमेरिकेतील पूर्व लॉस एंजेलिसच्या ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’ या संस्थेच्या इतिहासात एकत्र पाहावयास मिळतात.

मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांच्या या वस्तीत १९७० च्या सुमारास सिस्टर कॅरेन बोकालेरो ही जोगीण आणि तिचे चित्रकार सहकारी एका गॅरेजमध्ये छपाई करू लागले. शहरातील प्रतिष्ठित कलादालनांत या चित्रकारांना स्थान नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःची कार्यशाळाच उभी केली. पुढे १९७५ पासून संस्थेची मोटार रंग-कागद घेऊन वस्तीतील मुलांपर्यंत जाऊ लागली.

१९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी संस्थेने मुद्राचित्रांचा नियमित उपक्रम हाती घेतला. चित्रकाराला कार्यशाळेत बोलवावयाचे, कुशल मुद्रकाच्या साहाय्याने त्याचे चित्र जाळीच्या पडद्यातून एकेक रंग चढवीत छापावयाचे, आणि मर्यादित प्रतींपैकी काही चित्रकाराने, काही संस्थेने ठेवावयाच्या. संस्थेच्या वाट्याच्या प्रती विकून पुढील छपाईला हातभार लागे. मुद्राचित्र म्हणजे मूळ चित्राची नक्कल नव्हे. प्रत्येक सही केलेली प्रत मूळच असते. एकच रंगचित्र एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात बंदिस्त होते, तर मुद्राचित्र अनेक घरांत पोहोचते. अनेक लहान ग्राहकांवर उभी असलेली संस्था एका मोठ्या दात्याची मिंधी राहत नाही, हे या व्यवहाराचे राजकीय मर्म होय.

परंतु येथेच थांबले तर चित्र अपुरे राहील. संस्थेची इमारत चर्चच्या मालकीची होती आणि ती नाममात्र भाड्याने मिळाली होती. २००५ साली आर्थिक अडचणींमुळे संस्थेची दारे काही काळ बंद झाली. २००८ मध्ये चर्चने ती इमारतच विकून टाकली. तीन दशके वस्तीने ज्या वास्तूला अर्थ दिला, तिच्या विक्रीत वस्तीचा शब्द चालला नाही! २०११ मध्ये संस्थेला बॉईल हाइट्स भागात स्थलांतर करावे लागले. अखेर २०१८ साली तेथील इमारत संस्थेने विकत घेतली. पण त्यासाठी सार्वजनिक निधीचे साहाय्य घ्यावे लागले. तात्पर्य, चित्रांच्या विक्रीतून शाई, कागद आणि मजुरी निघते. शहरातील जमिनीची किंमत निघत नाही. जमिनीचे भाव कलावंताच्या श्रमाने ठरत नाहीत, ते सट्ट्याने ठरतात.

आपल्या देशात चेन्नईजवळील चोलामंडल कलाग्रामाने हा धडा आरंभीच ओळखला होता. के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या सहकारी-शिष्यांनी बाटिक आणि इतर हस्तकलेच्या वस्तू विकल्या, त्या पैशांतून समुद्रकाठी स्वस्त जमीन घेतली, आणि १९६६ साली वसाहत वसविली. त्यांनी आधी भूमी हाती घेतली, मग कलेचा संसार मांडला. तो काळ आणि ते भाव आता राहिलेले नाहीत, हे खरे. पण क्रम योग्य होता.

मुंबई-पुण्यात तालमीच्या जागेसाठी वणवण करणाऱ्या नाट्यसंस्थांना आणि भाड्याच्या खोलीत प्रदर्शने भरविणाऱ्या चित्रकारांच्या गटांना यातून दोन गोष्टी घेता येतील. विक्रीतील ठरावीक हिस्सा खर्चात न घालता जागेच्या निधीत टाकावा. आणि नगरपालिकांच्या रिकाम्या शाळा व सभागृहे दीर्घ मुदतीच्या करारावर अशा सहकारी गटांना मिळावीत, ही मागणी कार्यकर्त्यांनी आपली मानावी. असे एखादे मुद्राचित्र विकत घेणे म्हणजे उपकार नव्हे, ते श्रमाचे मोल आहे. मात्र ते घेऊन घराकडे वळण्यापूर्वी त्या कार्यशाळेचा भाडेकरार किती वर्षांचा आहे, हेही विचारावे.