छटांची निवड

घराला रंग द्यावयाचा ठरला की निळा हवा की पिवळा, हा प्रश्न लवकर सुटतो. परंतु एकमेकींना जवळच्या अशा दोन हिरवट राखाडी छटांपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न मात्र रेंगाळतो. शेड कार्डावरील दोन्ही चौकोन दुकानाच्या दिव्याखाली सारखेच भासतात. मग कंटाळून कोणत्याही एकावर बोट ठेवले जाते. ही पद्धत योग्य नव्हे. छटेचा निर्णय दुकानात नव्हे, तर घरातील भिंतीपाशीच घ्यावयास हवा.

रंग केवळ डब्यातील द्रव्यावर अवलंबून नसतो. पॅरिसमधील गोबेलँ येथील विणकाम-कारखान्यात रंगकामाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे काळे सूत निस्तेज दिसत असल्याची तक्रार आली होती. दोष सुताचा नव्हता. शेजारच्या रंगांमुळे ते तसे दिसत होते. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रकाशाचाही असाच परिणाम होतो. हिरवट राखाडी छटेत हिरवेपणा थोडाच असल्याने प्रकाश बदलताच तिचे रूप पालटते. उत्तरेकडील खिडकीतून येणाऱ्या निळसर उजेडात ती करडी वाटते. पिवळ्या बल्बखाली तीच शेवाळी दिसते. दिवसा सारख्या दिसणाऱ्या दोन छटा रात्री वेगळ्या दिसू शकतात.

म्हणून दोन्ही रंग थोडे थोडे आणून दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर प्रत्येकी दोन हात द्यावेत. ओला रंग फसवा असतो; तो पूर्ण वाळू द्यावा. मग ते पुठ्ठे भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी व दिवे लावल्यावर पाहावेत.

हा खटाटोप अनावश्यक आहे, असे काहींना वाटेल. परंतु रंग आणि रंगाऱ्याची मजुरी यांवर कुटुंबाची साठवलेली पुंजी खर्च होते आणि न आवडलेली भिंत वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहते. त्या तुलनेत दोन पुठ्ठ्यांचा खर्च नगण्य होय. शिवाय, निर्णय केवळ पैसे देणाऱ्याचा नसावा. त्या खोलीत जी व्यक्ती दिवसाचा अधिक काळ घालवते, तिचे मत प्रथम विचारावे. बहुधा ती घरातील गृहिणी किंवा वृद्ध असते.

इतके करूनही दोन्ही छटा सारख्याच आवडल्या, तर अधिक घोळ घालू नये. अशा वेळी कोणतीही निवड चुकीची ठरत नाही. पारखून पाहणे जितके आवश्यक, तितकेच योग्य वेळी थांबणेही आवश्यक आहे.