ऊसतोडीच्या गाड्या भरण्याआधी मुलांना गावातच थांबवू या

दसरा तोंडावर आला आहे. बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीसाठी मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेली उचल केव्हाच खर्ची पडली आणि आता ती फेडायला निघण्याची तयारी चालली आहे. थोड्याच दिवसांत गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतील. भांडीकुंडी, अंथरुणे, शेळ्या यांच्याबरोबर शाळेत जाणारी मुलेही त्यांत बसतील. ती बसण्याआधीच काही करता येईल, म्हणून हे आवाहन.

उसाच्या फडावर गेलेले मूल नुसते आईबापांजवळ राहत नाही, ते राबते. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघे पहाटेच्या अंधारात ऊस तोडायला गेले की आठ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. मुलगा उसाचे वाढे गोळा करतो, मोळ्या बांधू लागतो, बैलांचे बघतो. ही मजुरी कुणाच्याही वहीत लिहिली जात नाही. हंगाम उरकून मूल परत येते, तोवर शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ संपलेले असते. असे काही हंगाम गेले की शाळा कायमची सुटते. मुलाच्या हाती कोयता येतो आणि मुलीचे लग्न अठराच्या आत उरकले जाते, कारण जोडी असेल तरच पूर्ण कोयत्याची उचल मिळते.

यात आईबापांना दोष देऊ नका. जमीन कोरडवाहू, पावसाळ्यानंतर गावात काम नाही, दवाखान्याचा आणि लग्नाचा खर्च डोक्यावर. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. मूल मागे ठेवले तर त्याला जेवू कोण घालणार आणि वयात आलेल्या मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरे आपण द्यायची आहेत.

शिक्षकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी आजच करा आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा. आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय पाहा. ज्यांना जावेच लागेल, त्यांच्या हाती, तिकडच्या शाळेत शिक्षण चालू राहावे म्हणून, शिक्षण हमी कार्ड द्या.

सरपंच आणि ग्रामसेवकांनो, प्रत्येक ऊसतोड कामगाराला ओळखपत्र मिळवून द्या. रोजगार हमीचे काम मागितल्याशिवाय सुरू होत नाही, तेव्हा मागणीचे अर्ज भरून घ्या. गावात मजुरी मिळाली, तर उचलीचा फास सैल होईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची माहितीही घरोघर पोहोचवा.

साखर कारखान्यांनो आणि मुकादमांनो, टोळीबरोबर आलेल्या मुलांची नावे जवळच्या शाळेला कळवा. शिक्षणहक्क कायदा 2009 नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला, दाखला आला नाही म्हणून, शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. 1986 च्या बालमजुरी कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे सर्वच व्यवसायांत गुन्हा ठरले. घरच्या व्यवसायाला सूट आहे ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत केलेल्या, धोका नसलेल्या मदतीपुरती. कारखान्यासाठी ऊस तोडणे हा त्या मजुराचा घरचा व्यवसाय नव्हे.

बागायतदारांनो, आपल्या फडात मूल राबताना दिसले तर गप्प बसू नका. बालमजुरी असो की बालविवाह, 1098 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो.

आणि आपण सर्वांनी याच आठवड्यात आपापल्या गावच्या शाळेत जावे, कोणकोणती मुले निघणार आहेत ते विचारावे. प्रत्येक नावापुढे ते मूल कुणाकडे राहणार आणि कुठे जेवणार, हे लिहून घ्यावे. जिथे रकाना रिकामा राहील, तिथली जबाबदारी गावातल्या कुणीतरी नाव देऊन उचलावी. गाडी सुटल्यावर हळहळून उपयोग नाही. मूल थांबवायचे ते आत्ताच.