मुहूर्त तीन महिने आधीचा

चऱ्होलीत तुळशीचं लग्न लागलं की आळंदीच्या बाजूची मंगल कार्यालयं गजबजतात. आणि अंगावरची हळद उतरते न उतरते तोच घरोघरी एक प्रश्न सुरू होतो. परवा शेजारच्या आजींनी कालनिर्णय पुढ्यात धरून मलाही तोच विचारला. ''ताई, कोणत्या महिन्यात सुनेला दिवस राहिले तर बाळ धडधाकट होईल?'' सून दारात बूट चढवत होती. चाकणच्या कंपनीची बस गाठायची म्हणून चहा-बिस्किटावरच निघाली होती.

आजींचा प्रश्न खुळा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. सुगीत ताट भरलेलं, एरवी बेताचं. शेतातलं कामही ऋतूप्रमाणे कमी-जास्त. त्याचा ठसा जन्मलेल्या बाळाच्या अंगावर दिसला. महिन्याला महत्त्व आलं ते आईच्या ताटामुळे आणि तिच्या कष्टामुळे.

तारखेला मात्र तेवढंही नाही. सम-विषम तारखेवर मुलगा की मुलगी ठरते, या दाव्यावरून २०२० साली महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूतलं गुणसूत्र ठरवतं. तिथे तिथी-वाराचं काही चालत नाही.

आज चऱ्होलीच्या शेतांवर इमारती उभ्या आहेत. सुगी गेली, शिफ्ट आली. मग आपला मुहूर्त कोणता? दिवस राहण्याआधीचे तीन महिने.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून दवाखान्यात नाव घालेपर्यंत ते काम बहुधा उरकलेलं असतं. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी किमान महिनाभर आधी सुरू करायची असते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायांना पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज देऊन पाहिला गेला. सगळ्या बायांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. पण ज्यांनी तो दिवस राहण्याआधी किमान तीन महिने खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. आकडा लहान आहे, पण वेळेचं मोल त्यातून कळतं.

हे तीन महिने नवऱ्याचेही आहेत. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, आणि तंबाखू त्यांची नासाडी करते.

लग्नाच्या खरेदीत आपण लाखभर सहज उडवतो. त्याच यादीत दोघांची रक्ततपासणी लिहा : हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-१२. शाकाहारी घरात दूध-दहीही बेताचंच असेल, तर बी-१२ हमखास कमी पडतं. गोळ्या कोणत्या आणि किती, हे डॉक्टरांना विचारा, पण दिवस राहण्याआधी विचारा.

आजींना मी एवढंच म्हटलं, ''महिना कोणताही चालेल. सुनेचा सकाळचा डबा मात्र उद्यापासून भरा.''