उच्चारपंडितांना दोन शब्द

‘डिप्थेरिया नव्हे हो, डिफ्थेरिया म्हणा!’ दवाखान्याच्या बाकावर एका आईला सर्वांदेखत असे सुनावणारे गृहस्थ परवा पाहिले. बाई ओशाळल्या. डॉक्टरांना विचारायचे होते ते तसेच गिळून बसल्या.

अहो पंडित, तुमचा ‘फ’ तरी कुठला? इंग्रजी कोश दोन्ही उच्चार देतात. मूळ ग्रीक शब्द ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले चामडे. प्राचीन ग्रीकांचा ‘फ’ ओठ मिटून काढलेला, आपल्या ‘फळा’तला, दात ओठाला टेकवून काढायचा तुमचा इंग्रजी ‘फ’ नव्हे. ग्रीक व्याकरणकारांच्या नियमाने फोडही ‘दि-फ्थे-रा’, ‘दिफ्-थे-रा’ नव्हे. शुद्धीच काढायची, तर आधी तुमची काढावी लागेल!

१८२६ साली ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टरांनी त्या शब्दावरून रोगाचे नाव पाडले. कारण घशात चामड्यासारखा पापुद्रा धरतो आणि पोराचा श्वास कोंडतो. आपण त्याला घटसर्प म्हणतो.

तेव्हा बाई, घटसर्प म्हणा, डिप्थेरिया म्हणा, पण डॉक्टरांना विचारा. ६, १० आणि १४ आठवड्यांची लस आणि पुढचे बूस्टर चुकवू नका. जोडाक्षर चुकल्याने आजवर कोणाचे पोर दगावलेले नाही.